शिफारसपत्र आणि रेफरन्स: प्राध्यापकांकडे नेमके काय मागायचे?

‘सर, माझ्यासाठी रेफरन्स द्याल का?’ एवढ्याच मजकुराचा ईमेल आला, तर विद्यार्थ्याला प्रवेश समितीकडे पाठवायचे पानभर शिफारसपत्र हवे आहे, की नोकरीच्या अर्जात आपले नाव आणि फोन क्रमांक लिहिण्याची परवानगी हवी आहे, हे प्राध्यापकांना कळायला मार्ग नसतो. भरवसा दोन्हीकडे प्राध्यापकांच्याच शब्दावर असतो. मात्र पहिल्या कामासाठी त्यांना वेळ काढून लिहावे लागते, तर दुसऱ्यात अनोळखी माणसाच्या प्रश्नांना आयत्या वेळी उत्तरे द्यावी लागतात, आणि विनंती कशी करायची हे या फरकावरच ठरते.

शिफारसपत्र प्रामुख्याने उच्च शिक्षणाचा प्रवेश, शिष्यवृत्ती आणि संशोधनाच्या जागा यांसाठी मागितले जाते, आणि ते सहसा अर्जाबरोबरच, ठरलेल्या मुदतीत पोहोचावे लागते. अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशांसाठी बहुधा तीन पत्रे लागतात. अर्जात प्राध्यापकांचा ईमेल पत्ता भरला की पोर्टलकडून त्यांना लिंक जाते आणि पत्र ते स्वतः अपलोड करतात. म्हणून त्यांचा संस्थेचा अधिकृत पत्ता आधीच विचारून घ्यावा. समितीला ‘विद्यार्थी हुशार व मेहनती आहे’ या वाक्यातून काहीच मिळत नाही, कारण ते प्रत्येक पत्रात असते. प्रकल्पात अडचण कोठे आली, ती विद्यार्थ्याने कशी सोडवली आणि बरोबरीच्या विद्यार्थ्यांत तो कोठे बसतो, हे ज्या पत्रातून कळते त्याला वजन येते. असे पत्र केवळ स्मरणावर लिहिता येत नाही. म्हणून किमान तीन-चार आठवडे आधी विचारावे आणि होकार मिळताच बायोडाटा, गुणपत्रक, उद्देशपत्राचा (हा अभ्यासक्रम का करायचा आहे, हे सांगणाऱ्या निवेदनाचा) मसुदा, त्यांच्याकडे केलेल्या कामाची टिपणे व सर्व अंतिम तारखांची यादी एकाच ईमेलमध्ये पाठवावी.

विचारताना ‘पत्र द्याल का’ यापेक्षा ‘माझ्या कामाची आपल्याला पुरेशी माहिती आहे, असे वाटते का’ असे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण त्यात प्राध्यापकांना अवघडून न जाता नकार देण्याची वाट राहते. विभागप्रमुखांच्या पदाला भुलून मागितलेल्या कोरड्या पत्रापेक्षा, ज्यांनी प्रयोगशाळेत वर्षभर काम पाहिले त्या कनिष्ठ प्राध्यापकांचे पत्र माझ्या मते केव्हाही सरस ठरते.

पत्र गोपनीय असावे, अशीच सहसा अपेक्षा असते. अमेरिकेत १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याने विद्यार्थ्याला प्रवेश घेतल्यानंतर आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणूनच तेथील अर्जांत शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असे विचारले जाते. हक्क सोडलेला असेल तर लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणाराही पत्रावर अधिक विश्वास ठेवतो. ‘मसुदा तूच आण, मी सही करतो’ असे सांगणारे प्राध्यापकही भेटतात. अशा वेळी स्वतःची स्तुती लिहून नेण्याऐवजी कामाचे मुद्दे तपशीलवार लिहून द्यावेत आणि शब्द त्यांच्यावर सोडावेत.

रेफरन्सचे काम याच्या उलट क्रमाने चालते. नोकरी देणारी संस्था बहुधा मुलाखतीनंतर, निवड जवळजवळ ठरलेली असताना, फोन करते किंवा एक छोटा फॉर्म पाठवते. उमेदवाराला किती काळ ओळखता, वक्तशीरपणा कसा आहे, इतरांशी जुळवून घेतो का, तुम्ही स्वतः त्याला पुन्हा कामावर घ्याल का, असे तिचे थेट प्रश्न असतात. येथे प्राध्यापकांना लिहिण्याचे श्रम नसले, तरी बेसावध गाठले जाण्याचा धोका असतो. न विचारता नाव दिले आणि फोनवर ‘कोण? आठवत नाही’ असे उत्तर गेले, तर हाती आलेली नोकरी जाऊ शकते. त्यामुळे परवानगी तर घ्यावीच. शिवाय प्रत्येक नव्या अर्जाच्या वेळी पद कोणते, संस्था कोणती, फोन साधारण केव्हा येईल आणि त्या पदासाठी आपल्या कोणत्या कामाचा उल्लेख उपयोगी पडेल, हे चार ओळींत कळवावे. दोन वर्षांपूर्वी मिळालेली परवानगी अजून लागू आहे, असे गृहीत धरू नये.

खरा घोळ होतो तो अध्यापन आणि संशोधनाच्या नोकऱ्यांत, कारण तेथे जाहिरातीत ‘रेफरन्स’ म्हटलेले असले तरी अनेकदा सविस्तर पत्रच अपेक्षित असते. काही संस्था ते सर्वांकडून अर्जाबरोबर मागतात, तर काही अंतिम यादीतल्या उमेदवारांपुरतेच. अशा वेळी जाहिरातीतला तो मजकूर जसाच्या तसा प्राध्यापकांना पाठवावा आणि पत्र केव्हा लागेल हे संस्थेकडून स्पष्ट होत नसेल, तर अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.