वजन उतरलंय की टिकलंय? मोठे झालेले कपडे देऊन टाकायच्या आधी हे बघा

दिवाळीची आवराआवर निघाली की ज्यांनी वर्षभरात वजन कमी केलंय त्यांच्या घरात हा विषय हमखास येतो, की हे ढगळ झालेले कुर्ते, शर्ट, जीन्स यांचं करायचं काय. एक जण म्हणतं देऊन टाक सगळं, मोकळी हो, दुसरं म्हणतं राहू दे गं, कपडा काय खायला मागतो का. मला हे दोन्ही सल्ले अर्धवट वाटतात, कारण वजन नुसतं उतरलंय की आता टिकलंय हे कुणी विचारतच नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पँट तेवढीच ढिली होते, बायका तेवढंच कौतुक करतात आणि मावशी-आत्या तेवढ्याच काळजीने म्हणतात की किती खराब झालीस गं. पण शरीरात दोन्ही वेळी वेगळं काहीतरी चाललेलं असतं आणि कपडे ठेवायचे की काढायचे हे त्यावर ठरवायला हवं.

आधी उतरण्याबद्दल. कुणी दीक्षित डाएट सुरू करतं, कुणी दिवेकर डाएट, कुणी पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायला लागतं, आणि पहिल्या आठ-दहा दिवसांतच काटा दोन किलो खाली येतो. आनंद होतोच, व्हायलाच पाहिजे. पण त्या दोन किलोंत चरबी थोडीच असते. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं, म्हणजे साखरेचा साठा, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-पोळी-साखर कमी केली की हा साठा आधी वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही निघून जातं. पोटातला गॅस, फुगारा कमी होतो तो वेगळाच. त्यामुळे कमरेचं बटण सहज लागतं, बेल्टला एक भोक आत जातं, आणि वाटतं झालं, साईज बदलली. मग एखादं लग्न, दोन दिवस गोडाधोडाचं जेवण, की साठा परत भरतो आणि पाणीही परत येतं. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर आणि फळांवर राहणाऱ्यांचं बघा, दसऱ्याला वजन कमी भरतं आणि कोजागिरीपर्यंत बरंचसं परत आलेलं असतं. त्यांनी काही चुकीचं खाल्लेलं नसतं, गेलं होतं ते मुख्यतः पाणी होतं.

हेच उलटंही होतं आणि तेव्हा लोक उगाच खचतात. रविवारी सकाळी मिसळ खाल्ली, वर पापड, संध्याकाळी कुठेतरी पावभाजी, आणि सोमवारी काटा एक किलो वर. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणजे रोजच्या गरजेच्या वर तेवढं जास्तीचं एका दिवसात पोटात जायला पाहिजे, ते एका मिसळीने होत नाही हो. मीठ जास्त गेलं म्हणून शरीराने पाणी धरलंय, दोन-तीन दिवसांत जाईल. बायकांना पाळीच्या आधीचे काही दिवस हाच अनुभव येतो, कालपर्यंत सैल असलेली सलवार आज कमरेत रुतते. अशा दिवसांत कपाट आवरायला बसूच नये, ना द्यायला ना विकत घ्यायला.

आता टिकणं. ही फार हळू होणारी गोष्ट आहे आणि शरीर तिला सहज होऊ देत नाही हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं, कारण वजन परत आलं की माणूस स्वतःलाच आळशी म्हणतो. चरबी कमी झाली की पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं, भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, शिवाय शरीर लहान झालं म्हणून दिवसाला लागणारी कॅलरीही कमी होते. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा अभ्यास आला होता, त्यात वजन कमी करून वर्ष उलटल्यावरही लोकांचे भुकेचे हार्मोन्स पहिल्यासारखे झालेले नव्हते. म्हणजे डाएट संपलं तरी शरीर वर्षभर जास्त खायला मागत असतं. अमेरिकेत १९९४ पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री नावाची एक नोंदवही चालते, तिच्यात नाव घालायचं तर निदान ३० पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो, कमी केलेले पाहिजेत आणि ते किमान एक वर्ष टिकवलेले पाहिजेत. तिथल्या लोकांत एक सवय बऱ्याच जणांना आहे, साधारण चारातले तीन जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. म्हणजे लक्ष असतं, आणि परत वाढायला लागलं तर दोन किलोवरच कळतं.

मग आपलं टिकलंय हे कसं ओळखायचं? माझा विश्वास काट्यापेक्षा टेपवर जास्त आहे, शिंप्याकडे असते ती साधी टेप. सकाळी उपाशीपोटी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोब्बर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यायचं, आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी. भारतीय लोकांसाठी डॉक्टर कमरेची मर्यादा बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० सेंटीमीटर सांगतात, ते तब्येतीसाठी लक्षात ठेवाच, पण कपड्यांसाठी बघायचं ते माप किती आठवडे एका जागी आहे. रोजच्या वापरातल्या कपड्यांना मी तीन महिने पुरेसे मानते. महागाच्या आणि ठेवणीतल्या कपड्यांना मात्र एक हिवाळा आणि एक लग्नसराई जाऊ द्यावी, हिवाळ्यात नाशिकच्या थंडीत सकाळी पांघरुणातून उठवत नाही आणि चालणं बुडतं, लग्नसराईत आणि आंब्यात ताटावर ताबा राहत नाही. या दोन्हीतून कंबर तशीच बाहेर आली तर टिकलं म्हणा.

काही वेळा काटा हलत नाही पण कमर उतरते. व्यायाम करणाऱ्यांत हे खूप होतं, स्नायू वाढतो आणि चरबी जाते, वजन तेवढंच. तेव्हा काट्याचं ऐकून कपडे ठेवत बसू नका. आणि याच्या उलट जे होतं त्याची मला खरी काळजी वाटते, वजन गेलं, बाह्या सैल झाल्या, मांडीत पँट लोंबायला लागली, पण पोटावरचं बटण जिथल्या तिथे. म्हणजे बहुधा स्नायू गेला आणि पोट राहिलं. नुसतं कमी खाऊन वजन घटवणाऱ्यांचं असं होतं. ते वजन टिकण्यातलं नाही, आधी डाळी, दही, अंडी वाढवा, थोडं वजन उचला, कपड्यांचं नंतर बघू.

आणि काहीच न करता कपडे सैल होत असतील तर? डाएट नाही, चालणं नाही, आणि सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त गेलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलोच्या वर, तर आधी डॉक्टरकडे जा. डायबेटिस, थायरॉइड, टीबी, अशी बरीच कारणं असू शकतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर लेंग्याची नाडी किती आवळावी लागते यावरसुद्धा लक्ष ठेवा, ते स्वतःहून सांगत नाहीत.

वजन कमी करायची इंजेक्शनं घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. २०२५ मध्ये भारतात मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं आली, आता ओळखीत कुणी ना कुणी घेतंच. वजन भराभर उतरतं हे खरं, पण वेगोव्हीतलं जे औषध आहे सेमाग्लुटाइड, त्याच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं घटलेल्या वजनापैकी जवळपास दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणून औषध चालू आहे तोवर वजन उतरतंय एवढंच म्हणायचं, आणि पुढे काय करायचं हे डॉक्टरशी ठरेपर्यंत एक जोडी कपडे मागे ठेवायचे. बाळंतपणानंतरच्या बायकांनाही हेच सांगेन, वर्षभर शरीर बदलतच असतं, घाई करू नका.

समजा टिकलंय. तरी सगळंच द्यायचं नसतं, काही कपडे फिटिंग करून नव्यासारखे होतात आणि काही कितीही पैसे घाला होत नाहीत. शर्ट किंवा कुर्ता घालून आरशासमोर उभे राहा आणि फक्त खांद्याची शिवण बघा. ती खांद्याच्या हाडावर असेल तर बाकीचं सगळं कमरेत, बगलेत, बाहीत आत घेता येतं. ती खाली दंडावर उतरलेली असेल, बोटभर जरी, तर बाही काढून, खांदा कापून, परत जोडावी लागते, मग गळा मोठा वाटायला लागतो, कॉलर मागे पडते, मजुरी चढत जाते आणि शेवटी बसत नाही ते नाहीच. ब्लेझर आणि शेरवानीला तर हे शंभर टक्के लागू. जीन्स-पँट कमरेत दोन इंचांपर्यंत छान आत जाते, त्यापुढे गेलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ येतात आणि ती उसनी आणल्यासारखी दिसते.

साडीला काहीच होत नाही, प्रश्न ब्लाऊजचा. येवल्याची पैठणी असेल तर ब्लाऊज त्याच साडीतून काढलेला असतो, तसा तुकडा परत मिळत नाही, म्हणून शिंप्याला आधी बजावून सांगा की बाजूला टीप घाल पण आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, कापू नकोस. माया ठेवली तर पुढे कधी उसवून मोठा करता येतो, मुलीला किंवा सुनेलाही होतो. असा ब्लाऊज मी कधीच देणार नाही आणि तुम्हीही देऊ नका.

राहिले ते खांदा उतरलेले शर्ट, इलॅस्टिकच्या पँट, तंबूसारखे झालेले कुर्ते. हे घरातून गेलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे, टिकल्यानंतर. जागा अडते म्हणून नाही म्हणत मी. इलॅस्टिक आणि ढगळ कुर्ता कमरेत वाढलेले दोन इंच लपवून ठेवतात, कपडा रुतत नाही म्हणून वजन वाढलेलं कळतच नाही, आणि कळतं तेव्हा सात-आठ किलो परत आलेले असतात. बटणाची पँट पहिल्या दोन किलोतच रुतते, आणि तेव्हा सावरणं सोपं असतं.

पण भीती असतेच, परत जाड झाले तर? ही भीती खोटी नाही, वजन थोडंफार परत येणं अगदी कॉमन आहे आणि त्यात लाज कसली. म्हणून आत्ताच्या मापापेक्षा एकच साईज मोठी अशी एक पँट आणि दोन टॉप ठेवा, बास. पाच साईज मोठं सगळं कपाट ठेवायची गरज नाही. आणि निर्णय होत नसेल तर पिशवीत भरून वर माळ्यावर टाका, पिशवीवर महिना लिहून, पुढच्या दिवाळीला टेप तीच सांगत असेल तर न उघडता खाली आणून द्या. वजन नुकतंच उतरलेलं असताना सुद्धा ही पिशवी चालते, डोळ्यासमोरून ढगळ कपडे जातात आणि हातचे जातही नाहीत.

द्यायचे कुणाला? जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारावर येत असेल तर तिला, पातेलं मिळतं की नाही ते तुमच्या घासाघिशीवर. पण मोठ्या मापाचे पूर्ण बाहीचे पुरुषांचे शर्ट मी बोहारणीला देत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरीला द्राक्षाच्या बागांत काम करणाऱ्या बायका साडीवर असाच शर्ट घालतात, ऊन लागत नाही, काड्या ओरबाडत नाहीत, आणि साडीवरून घालायचा म्हणून तो मोठाच लागतो. पेठ, सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं या कामाला येतात, ओळखीचा कुणी बागायतदार असेल तर त्याला विचारा किती हवेत आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी पोचवा. स्वेटर-जॅकेटही त्याच सुमाराला द्या, निफाडचा पारा खाली गेल्यावर नाही. धुऊन, इस्त्री नसली तरी घडी करून, तुटलेलं बटण लावून द्यायचं. चेन बिघडलेली, बगलेत विरलेलं, डाग पडलेलं कुणाला देऊ नका, सुती असेल तर गोधडीत जाईल नाहीतर फडक्याला येईल.