जागावाटपाच्या चाचणीतील उपकरणाचा आकार

फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या हे सांभाळणारी प्रणाली) डिस्कवरील मोकळी जागा कोणत्या फाइलला, कोठे आणि किती तुकड्यांत देते, हे तपासताना किती आकाराचे उपकरण (डिस्क किंवा डिस्कसारखे वापरता येणारे साठवण-साधन) घ्यावे, हा चाचणीपद्धतीतील एक मूलभूत प्रश्न आहे. बहुतेक आधुनिक फाइल सिस्टिम उपकरणाचा आकार पाहूनच आपले अंतर्गत गट, राखीव जागा आणि लॉगची (बदलांच्या नोंदवहीची) लांबी ठरवतात. त्यामुळे चाचणी लवकर संपावी म्हणून अगदी लहान उपकरण घेतले, तर वापरकर्त्याच्या डिस्कवर जो कोड चालतो तो न तपासता भलताच मार्ग तपासला जाण्याचा धोका असतो. (या नोंदीत केबी, एमबी, जीबी आणि टीबी ही एकके १०२४ च्या पटीत धरली आहेत.)

लिनक्सवरील बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये हा परिणाम विशेष ठळकपणे दिसतो. ही फाइल सिस्टिम जागा आधी ‘चंक’ नावाच्या मोठ्या तुकड्यांत ताब्यात घेते आणि प्रत्येक चंक डेटासाठी (फाइलींतील मजकुरासाठी) किंवा मेटाडेटासाठी (फाइलींची नावे, जागा यांसारख्या माहितीसाठी) नेमून देते. डेटाचा चंक सर्वसाधारणपणे १ जीबीचा असतो, मात्र तो एकूण जागेच्या १० टक्क्यांहून मोठा होऊ दिला जात नाही. मेटाडेटाचा चंक ५० जीबीपर्यंतच्या फाइल सिस्टिमवर २५६ एमबीचा आणि त्यापुढे १ जीबीचा धरला जातो. म्हणजे २ जीबीच्या उपकरणावर डेटाचे चंक सुमारे २०० एमबीचे होतात, १० जीबीच्या आसपास ते पूर्ण आकाराला पोहोचतात, आणि मेटाडेटाचा मोठा चंक पाहायचा असेल तर ५० जीबी ओलांडावेच लागतात. डेटाच्या चंकांत भरपूर जागा शिल्लक असूनही मेटाडेटासाठी नवा चंक मिळत नाही आणि ‘जागा संपली’ अशी त्रुटी येते, ही या फाइल सिस्टिमची सर्वांत त्रासदायक अडचण आहे. ती खऱ्या स्वरूपात घडण्यासाठी डेटाचे अनेक चंक आधी भरलेले आणि नंतर अर्धवट रिकामे झालेले असावे लागतात. फार लहान उपकरणांसाठी डेटा आणि मेटाडेटा एकाच चंकात ठेवण्याची मिश्र रचना उपलब्ध आहे. तीत ही विभागणीच नसल्यामुळे तिच्यावर यशस्वी झालेली चाचणी या अडचणीविषयी काहीही सिद्ध करत नाही.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये ब्लॉक (जागा देण्याचे लहान एकक) ४ केबीचा असल्यास एका ब्लॉक-गटात ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे १२८ एमबी जागा मावते. अशा १६ गटांचा एक जोडगट करण्याची रूढ मांडणी घेतली, तर २ जीबीहून लहान उपकरणावर असा एकही जोडगट पूर्ण होत नाही. शिवाय रूट (सर्व अधिकार असलेल्या) वापरकर्त्यासाठी मुळातच ५ टक्के ब्लॉक राखीव असतात. चाचणी रूट म्हणून चालवली तर ही राखीव जागाही वापरली जाते, आणि सामान्य वापरकर्त्याला डिस्क केव्हा भरलेली दिसेल याचा अंदाज चुकतो.

एक्सएफएस ही तिसरी फाइल सिस्टिम एकट्या डिस्कवर १२८ एमबी ते ४ टीबी या पल्ल्यात बहुधा चारच वाटप-गट (जागेचे स्वतंत्रपणे हाताळले जाणारे विभाग) करते. त्यामुळे गटांची संख्या तीच राहून त्यांचा आकार मात्र काही मेगाबाइटपासून १ टीबीपर्यंत बदलतो. २०२२ मध्ये या फाइल सिस्टिमच्या साधनसंचाने ३०० एमबीहून लहान फाइल सिस्टिम तयार करणे थांबवले. जुन्या चाचण्या मोडू नयेत म्हणून चाचणी-संचाला तेवढी सवलत ठेवली. ही सवलत व्यवहार्य असली तरी वापरकर्त्यांना न मिळणारा आकार चाचण्यांत टिकून राहतो, हे ध्यानात ठेवायला हवे.

लहान उपकरणेही आवश्यकच असतात. डिस्क पूर्ण भरल्यावर काय होते, हे ती मिनिटांत दाखवतात. मात्र भरण्याचे प्रमाण आणि उपकरणाचा आकार या दोन गोष्टी स्वतंत्रपणे बदलाव्यात, कारण ९५ टक्के भरलेल्या ५०० एमबीच्या डिस्कवर २५ एमबी उरतात, तर तितक्याच भरलेल्या २ टीबीच्या डिस्कवर १०० जीबीहून अधिक जागा असते, आणि वाटप करणारा कोड या दोन स्थितींत सारखा वागत नाही. बर्कलीच्या फास्ट फाइल सिस्टिमने १९८० च्या दशकातच सुमारे १० टक्के जागा मोकळी राखण्याची पद्धत घातली होती, कारण डिस्क भरत आली की सलग ब्लॉक मिळणे कठीण होते.

मोठ्या आकारासाठी खरी डिस्क लागतेच असे नाही. विरळ फाइल (जिचा लिहिलेला भागच डिस्कवर जागा घेतो) लूप उपकरणाला (फाइललाच डिस्कसारखे दाखवणाऱ्या सोयीला) जोडून काही टीबींचे उपकरण थोड्या जागेत उभे करता येते. ही विरळ फाइल जिच्यावर आहे ती आधारभूत डिस्क मात्र आधी भरली तर चाचणीला ‘जागा संपली’ ऐवजी वाचन-लेखनाची त्रुटी मिळते आणि निष्कर्ष दूषित होतो. एक्सएफएसच्या चाचणी-संचातील मोठ्या फाइल सिस्टिमसाठीच्या पर्यायात बरीचशी जागा आधीच एका फाइलने अडवून ठेवतात. त्यामुळे गट मोठे राहतात, पण भरायची जागा आटोक्यात येते. ३२ बिटांचे ब्लॉक-क्रमांक आणि ४ केबीचे ब्लॉक असता १६ टीबीवर येणारी मर्यादा ओलांडताना होणाऱ्या गणिती चुका मात्र तेवढे मोठे उपकरण उभे केल्याशिवाय उघड होत नाहीत.