राज्याची मुभा, फेडरल बंदी: न्यू जर्सीतल्या गांजाची पार्श्वभूमी

२०२० च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या मतदारांच्या घरी टपालाने मतपत्रिका आल्या. करोनाचं वर्ष, त्यामुळे मतदान मुख्यतः पोस्टानेच होतं. ज्या कागदावर ट्रम्प आणि बायडन यांची नावं होती, त्याच कागदावर एक प्रश्नही छापला होता: ‘कॅनाबिस’ नावाच्या, नियंत्रित स्वरूपातल्या मारिजुआनाला कायदेशीर करण्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करायला तुमची मान्यता आहे का? ३ नोव्हेंबरपर्यंत मतं पडली आणि सुमारे ६७ टक्के लोकांनी होकार दिला.

प्रश्नात दोन शब्द आहेत आणि ते मुद्दाम आहेत. परवाना असलेल्या दुकानातून लेबल लावून, कर भरून विकला जातो तो ‘कॅनाबिस’. तोच माल परवान्याशिवाय कुणी विकला तर तो ‘मारिजुआना’, आणि त्याची विक्री आजही गुन्हा आहे. झाड तेच, फूल तेच, फक्त कागद वेगळा.

हे लिहायला बसलो त्याचं कारण एका घरगुती गणपतीत मिळालं. आरती झाली, प्रसादाच्या वाट्या फिरत होत्या, आणि एमएस करायला आलेल्या एका मुलाने मला विचारलं, “काका, इथे बोर्ड लावून विकतात, एकवीस पूर्ण झालेल्या कुणालाही देतात. मग आम्हाला काय अडचण आहे?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, कारण त्यामागे दोन वेगळे इतिहास आहेत. एक राज्याचा, जो गेल्या पंधरा वर्षांत झपाट्याने पुढे गेला. दुसरा वॉशिंग्टनचा, म्हणजे फेडरल (केंद्र) सरकारचा, जो मुळातून फारसा हललेलाच नाही. व्हिसावर राहणारा माणूस या दुसऱ्या इतिहासात राहतो, हे मला त्याला सांगायचं होतं.

आधी वॉशिंग्टन. १९३७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कर लावण्याच्या निमित्ताने गांजावर देशभर प्रत्यक्षात बंदीच आणली. त्यामागे हॅरी अँस्लिंगर यांच्या अमली पदार्थ विभागाचा जोर होता, आणि मेक्सिकन व कृष्णवर्णीय लोकांविषयीची भीती त्या प्रचारात उघड दिसत होती. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजाला पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, यादीत टाकलं. तिथे तो हेरॉइनच्या रांगेत जाऊन बसला. अध्यक्ष निक्सन यांनीच नेमलेल्या शेफर आयोगाने १९७२ मध्ये शिफारस केली की, स्वतःपुरता गांजा बाळगणं गुन्हा मानू नये. निक्सन यांनी ती बाजूला सारली. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस बंद केले, पण नुसती पानं व्याख्येबाहेर ठेवली, म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. अमेरिकी कायद्यात असा भेद नाही. गावाहून येताना बॅगेत भांगेची गोळी टाकणाऱ्याला हे ठाऊक असलेलं बरं.

पुढची हालचाल राज्यांनी केली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने औषधी वापराला परवानगी दिली, २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्याने करमणुकीच्या वापरालाही. न्यू जर्सी सावकाश चाललं. गव्हर्नर जॉन कोरझाइन यांनी औषधी गांजाच्या कायद्यावर सही केली ती १८ जानेवारी २०१० रोजी, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी आले ख्रिस ख्रिस्ती, पूर्वाश्रमीचे फेडरल सरकारी वकील. त्यांना हा कायदा कधीच मनापासून पटला नाही. नियम कडक झाले आणि पहिलं दुकान माँटक्लेअरमध्ये उघडायला डिसेंबर २०१२ उजाडला. आजारी माणसांनी ही जवळजवळ तीन वर्षं कशी काढली असतील, याचा विचार केला की मला आजही वाईट वाटतं.

२०१७ मध्ये फिल मर्फी गव्हर्नर म्हणून निवडून आले. गांजा कायदेशीर करण्याचं वचन त्यांनी प्रचारातच दिलं होतं, आणि त्यांचा मुख्य मुद्दा महसुलाचा नव्हता, न्यायाचा होता. गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा वापरतात, पण न्यू जर्सीत काळ्या माणसाला त्यासाठी अटक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. पन्नास ग्रॅमपर्यंत बाळगल्याबद्दल सहा महिने कैद आणि हजार डॉलर दंड होऊ शकत असे. त्याहून वाईट म्हणजे नोकरीच्या, भाड्याच्या घराच्या, शिष्यवृत्तीच्या अर्जात ती नोंद आयुष्यभर मागे लागे. हा मुद्दा मला पूर्ण पटतो. बाकी महसूल, पर्यटन वगैरे युक्तिवाद त्याच्यापुढे किरकोळ आहेत.

तरीही विधिमंडळात गाडी अडली. मार्च २०१९ मध्ये चाळीस जणांच्या सिनेटमध्ये लागणारी २१ मतं जुळेनात, म्हणून ठरलेलं मतदानच रद्द झालं. त्या उन्हाळ्यात औषधी गांजाचा कायदा तेवढा सैल झाला. मेंदूच्या कर्करोगाने सातव्या वर्षी गेलेल्या जेक होनिग या मुलाचं नाव त्याला दिलं आहे. मग पुढाऱ्यांनी दुसरी वाट काढली: आपल्याच्याने होत नाही, तर लोकांना विचारू. डिसेंबरमध्ये तीन पंचमांश बहुमताने, म्हणजे सिनेटमध्ये नेमक्या २४ मतांनी, प्रश्न मतपत्रिकेवर गेला.

लोकांनी होकार दिला आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. घटनादुरुस्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली, पण ती अमलात आणणारा कायदाच तयार नव्हता. एकविसाच्या आतल्या मुलांना काय शिक्षा करायची यावर गव्हर्नर आणि विधिमंडळ अडून बसले. कठोर दंड ठेवला तर पोलीस पुन्हा काळ्या-तपकिरी मुलांच्याच मागे लागणार, ही भीती खरी होती. दरम्यान घटनेत गांजा चालतो आणि फौजदारी कायद्यात चालत नाही, अशी अवस्था होती. पोलिसांचे खटले दाखल होतच राहिले. राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल (अमेरिकेत एखाद्या राज्याचे ॲटर्नी जनरल झालेले पहिले शीख) यांनी सरकारी वकिलांना किरकोळ प्रकरणं पुढे ढकलायला सांगितलं, पण ती केवळ मलमपट्टी होती.

अखेर २२ फेब्रुवारी २०२१ रोजी मर्फी यांनी तीन विधेयकांवर एकदम सह्या केल्या. एकविशी पूर्ण केलेल्या माणसाला सहा औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम, बाळगायला शिक्षा नाही. दुकानातून एका वेळी एक औंस घेता येतो. नुसता वास आला म्हणून पोलीस गाडी किंवा माणूस तपासू शकत नाहीत. माझ्या मते या कायद्यातला हा सर्वांत मोठा बदल आहे, कारण रस्त्यावरच्या बहुतेक झडत्या ‘वास आला’ एवढ्यावरच सुरू होत असत. जुन्या नोंदीही पुसल्या गेल्या. न्यायालयांनी साडेतीन लाखांहून जास्त प्रकरणं निकाली काढली, अर्ज न मागता. गावोगावच्या नगरपालिकांना मात्र दुकानं नाकारण्याचा हक्क मिळाला आणि ५६५ पैकी बहुसंख्य गावांनी ऑगस्ट २०२१ च्या मुदतीत तो वापरला. मत होकाराचं, पण आमच्या गल्लीत नको. आणि घरी एक रोप लावलं तरी तो गंभीर गुन्हा राहिला. इतर अनेक राज्यांत तसं नाही, आणि इथे तो हट्ट का धरला हे मला अजून पटलेलं नाही.

२१ एप्रिल २०२२ रोजी, गुरुवारी, औषधी परवाना असलेल्या तेरा दुकानांनी दारं सर्वांसाठी उघडली. एलिझाबेथ, ब्लूमफिल्ड, मेपलवूड इथे पहाटेपासून रांगा लागल्या होत्या. पहिल्या दिवशी बारा हजारांवर ग्राहक आले आणि सुमारे एकोणीस लाख डॉलरची विक्री झाली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. या सगळ्या काळात फेडरल बंदी तशीच राहिली. २००५ मध्ये गोन्झालेस विरुद्ध रेच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की, राज्याने परवानगी दिली असली तरी घरच्या कुंडीतल्या गांजावरही फेडरल कायदा चालतो. २०१३ मध्ये ओबामा सरकारने राज्यांच्या आड न येण्याचं धोरण पत्रकाने जाहीर केलं, जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प सरकारचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी ते पत्रक मागे घेतलं. पत्रक म्हणजे कायदा नव्हे.

स्थलांतराचा कायदा पूर्णपणे फेडरल आहे. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व व स्थलांतर खात्याने स्पष्टच लिहिलं: राज्यात चालत असलं तरी गांजाशी संबंधित वर्तन नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘सच्चारित्र्या’च्या आड येऊ शकतं. परवानाधारक दुकानातली नोकरीसुद्धा. शिक्षा झालेली असलीच पाहिजे असं नाही, अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीही पुरते. इथे सूट आहे ती स्वतःपुरत्या ३० ग्रॅमपर्यंतच्या एकाच प्रसंगाची. राज्य म्हणतं १७० ग्रॅम, फेडरल सरकार म्हणतं ३०, तेही एकदाच. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडन यांनी गांजा बाळगल्याच्या फेडरल गुन्ह्यांना माफी दिली, तीही फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची किंवा विद्यार्थी व्हिसावरची माणसं त्यात नव्हती.

ग्रीन कार्डच्या अर्जात एक प्रश्न असतो: नियंत्रित पदार्थांविषयीचा कोणताही कायदा, राज्याचा, अमेरिकेचा वा परदेशाचा, तुम्ही कधी मोडला आहे का? तो मुलगा आज दुकानातून पावती घेऊन, कर भरून बाहेर पडला, तरी खरं उत्तर ‘हो’ असतं. खोटं लिहिलं तर तो वेगळा आणि मोठा गुन्हा. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा पहिल्या यादीतून तिसऱ्या यादीत न्यावा असा प्रस्ताव मांडला, तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘आता सुटलो’ अशा अर्थाचे निरोप फिरले. पण तिसऱ्या यादीतला पदार्थही ‘नियंत्रित पदार्थ’च असतो, आणि अर्जातला प्रश्न त्याच दोन शब्दांवर उभा आहे.