छडी, बक्षीस आणि नोंदवही: वर्गातल्या प्रोत्साहनाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या जुन्या गावठी शाळेत मुलाने शिकावे म्हणून पंतोजींच्या हाती मुख्य साधन होते ते धाकाचे. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, पावकी-निमकी घोकायची, चुकले की छडी, नाहीतर अंगठे धरून उभे. पाठांतर पक्के व्हायचे, हे खरे. पण ज्याला ते जमत नसे तो पोर हळूहळू शाळेची वाटच सोडायचा आणि दोष त्याच्याच डोक्यावर बसायचा.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तिथे हे साधन चालणारेच नव्हते. या मुलींना शाळेत न येण्याची कारणे घर आणि गल्ली दोन्ही पुरवत होती. त्यांना टिकवायचे तर शिक्षकाने त्यांच्या बाजूने उभे राहणे भाग होते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद वाचायचा अधिकार नसलेल्या आम्हा लोकांचा धर्म तरी कोणता, असा थेट सवाल तिने त्यात केला. ज्या वर्गात प्रश्न विचारायची मुभा नाही, तिथून असा निबंध येत नाही.

पुढे १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी शिक्षक कसा असावा हेही सांगितले. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, गरज पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये आणि खालच्या थरातल्या लोकांत तो सहज मिसळणारा असावा. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा-वीस हवा, असेही त्यांनी मांडले. मुलाला शिकावेसे वाटणे आणि शिक्षकाचे पोट भरणे या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच निवेदनात घेतल्या, याचे मला फार मोल वाटते. शिक्षणाची गोडी लागावी म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, असेही ते म्हणाले.

बक्षिसाच्या बाबतीत पुढच्या पिढीचे मत वेगळे पडले. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या विचारावर बालमंदिर चालवले. तिथे शिक्षेला जागा नव्हती, तशी बक्षिसाच्या आमिषालाही नव्हती. १९२०च्या दशकात ताराबाई मोडक त्यांच्यासोबत कामाला लागल्या. माझ्या मते जोतीराव आणि गिजुभाई दोघांचेही आपल्या जागी बरोबर होते. शिष्यवृत्ती गरीब घरच्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणते. आत आल्यावर त्याचे मन रमवायचे काम मात्र तिच्याने होत नाही.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. बोलावूनही मुले येत नाहीत, हे पाहिल्यावर या बायांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. आधी अंघोळ, केस विंचरणे, मग गाणी. साहित्य काय, तर परिसरात मिळणारे खडे, शिंपले, बिया, पाने. थोडी मोठी पोरे गुरांमागे रानात जात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शिक्षकच कुरणावर. ‘ही मुले शिकायला नाखूश आहेत’ असा शेरा मारणे अगदी सोपे होते. तो न मारता शाळेची जागा, वेळ आणि साहित्य बदलले गेले. अंगणवाडी हे नाव पुढे १९७५च्या सरकारी बालविकास योजनेने देशभर नेले. कुरणशाळेच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही.

कायद्याला इथवर यायला बराच काळ लागला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. कलम २९ने मूल भय आणि दडपणापासून मुक्त असावे असे म्हटले. त्याच सुमारास राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे एका परीक्षेऐवजी वर्षभर मुलाची प्रगती टिपण्याची पद्धत, आले आणि शिक्षकाच्या टेबलावर नोंदवही आली. या नोंदवहीतली वर्णनात्मक नोंद ही खरी कामाची गोष्ट. ‘प्रगती समाधानकारक’ लिहिले की रकाना भरतो. पण ‘अपूर्णांकांची बेरीज करताना छेदही मिळवतो, कागदाच्या घड्या घालून दाखवल्यावर चूक स्वतः सांगितली’ असे लिहायला त्या मुलाच्या शेजारी बसावे लागते. तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांच्या मोबाइलवर फिरू लागल्या, कारण अशी नोंद सवडीने लिहायला वेळ लागतो आणि माहितीचे तक्ते, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांतून तो उरत नाही. शिक्षकाला दोष देण्याआधी हे पाहायला हवे.

याच कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. त्यातही एक अट आहे: अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यायची. आपल्याकडे निकाल मेच्या सुरुवातीला लागतो आणि लगेच उन्हाळी सुट्टी सुरू होते. त्यामुळे या मार्गदर्शनाचा बराचसा काळ शाळा बंद असतानाच जातो. त्या आठवड्यांत मुलाला कोण शिकवणार आणि त्या शिक्षकाला त्याचा मोबदला काय, याचे उत्तर शाळेच्या वार्षिक नियोजनातच लिहिलेले असायला हवे.