स्वागत केंद्र, अमेरिकी महामार्गांवरील

अमेरिकेत मोटारीने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिरल्यावर लवकरच रस्त्याकडेला लागणारा सरकारी थांबा. नुसता ‘रेस्ट एरिया’ म्हणजे स्वच्छतागृह, पाण्याचा नळ आणि झाडाखालची बाके. स्वागत केंद्रात याखेरीज एक काउंटर असतो आणि त्यामागे त्या राज्याची माहिती देणारा माणूस. केंद्र सहसा राज्यात येणाऱ्यांच्याच बाजूला असते. निघून जाणाऱ्याचे स्वागत करून काय मिळणार?

असे पहिले केंद्र मिशिगन राज्याने ४ मे १९३५ रोजी न्यू बफेलो येथे यूएस १२ या रस्त्यावर उघडले. हा रस्ता शिकागोकडून येतो, आणि सुट्टीला निघालेले शिकागोकर हेच मिशिगनचे गिऱ्हाईक होते. रस्त्याकडेला जेवायला टेबल मांडण्याची कल्पनाही याच राज्यातली, १९२९ची. पुढे आय-९४ हा द्रुतगती मार्ग झाला, वाहतूक तिकडे वळली आणि १९७२ मध्ये केंद्रही त्याच्या काठाशी गेले. फ्लोरिडाने १९४९ मध्ये यूलीजवळ आपले केंद्र काढले. तिथे आलेल्याला संत्र्याचा रस पाजायची रीत पडली ती आजही चालू आहे. पेला इवलासा असतो, पण फुकट.

फुकट हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण विकायला मनाई आहे. आंतरराज्य महामार्गांचे जाळे ज्या १९५६च्या कायद्याने उभे राहिले, त्यातच महामार्गाच्या हद्दीत पेट्रोल पंप किंवा प्रवाशांसाठीची दुकाने नकोत असे कलम होते. प्रवाशाने भुकेसाठी आणि इंधनासाठी महामार्ग सोडून लगतच्या गावात उतरावे, तिथल्या दुकानदाराचे पोट चालावे, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरचा फूड मॉल डोळ्यांपुढे ठेवून गेलेला मराठी माणूस इथे वडापाव सोडाच, गरम चहालाही मुकतो. नाणे किंवा कार्ड घालून चालणारी यंत्रे तेवढी दिसतात. त्यांना १९८२ नंतर मोकळीक मिळाली आणि ती चालवण्यात अंध व्यावसायिकांना कायद्याने अग्रक्रम आहे. आधीपासूनचे टोलरस्ते या बंदीतून सुटले. न्यू जर्सीच्या टोलरस्त्यावर खानपानाचे थांबे आहेत आणि त्यांना कवी वॉल्ट व्हिटमन, फुटबॉल प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी अशांची नावे दिली आहेत. बर्गर खायला कवीच्या दारात थांबायचे, हाही सन्मानच म्हणायचा.

विकायचे काही नाही म्हटल्यावर राज्याजवळ द्यायला उरते ते स्वतःचे कौतुक. आत पाऊल टाकताच भिंतभर घडीपत्रकांचे रकाने: गुहा, धबधबे, रणांगणे, कुणा राष्ट्राध्यक्षाचे जन्मघर, वाइनचे मळे. काउंटरवर राज्याचा रस्तानकाशा मोफत मिळतो. एकदा उलगडला की तो मूळच्या घड्यांवर पुन्हा बसत नाही. जवळच एक वही असते, तिच्यात गाव आणि माणसांची संख्या लिहायची. बाहेर ट्रक आणि मोटारींच्या जागा वेगळ्या, कुत्रे फिरवायला हिरवळीचा तुकडा राखलेला. काउंटर संध्याकाळी बंद होतो, स्वच्छतागृहे मात्र बहुधा रात्रभर उघडी असतात. लांबच्या प्रवासात त्यांचे मोल माहितीपत्रकांहून जास्त, हे काउंटरवरचा माणूसही नाकारणार नाही.

स्थानिक इतिहास बहुतेक केंद्रांत दोन-चार फलक आणि एका काचपेटीत उरकलेला असतो. केंटकी राज्यातील पडूका येथे मात्र वास्तूच इतिहास आहे. आय-२४ वरून राज्यात शिरणाऱ्याला व्हाइटहेवन नावाचा वाडा लागतो. मूळ घर १८६०च्या दशकातले, विटांचे आणि साधे. १९०३ मध्ये एड अॅटकिन्स यांनी ते विकत घेऊन पुढे उंच पांढऱ्या खांबांचा दर्शनी भाग चढवला. नंतर ते पडूकाचे महापौर जेम्स स्मिथ यांच्याकडे गेले आणि १९६८ पर्यंत त्यांच्या कुटुंबाकडे राहिले. मग घर ओस पडले, मोडतोड झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याने ते ताब्यात घेऊन डागडुजी केली आणि १९८३ मध्ये स्वागत केंद्र म्हणून उघडले. वरच्या मजल्यावर अल्बेन बार्कली यांच्या वस्तू मांडल्या आहेत. हे पडूकाचे, हॅरी ट्रुमन यांच्याबरोबर १९४९ ते १९५३ या काळात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. पाय मोकळे करायला उतरलेला ट्रकचालक खांबांखालून आत येतो, नकाशा घेतो आणि वेळ असेल तर जिना चढून बार्कलींच्या वस्तू पाहून जातो.