डेटा बाइंडिंग (यूजर इंटरफेस)

डेटा बाइंडिंग : प्रोग्रामच्या स्मृतीतील एखादे मूल्य आणि ते दाखवणारा पडद्यावरचा घटक यांची बांधलेली गाठ. मूल्य बदलले की घटक आपोआप ताजा होतो. गाठ दुहेरी असेल, तर वापरकर्त्याने चौकटीत टाइप केलेलेही मागे स्मृतीत जाऊन बसते. अशी सोय नसलेल्या टूलकिटमध्ये (खिडक्या, बटणे, चौकटी असे तयार घटक पुरवणाऱ्या संचात) ‘हे लेबल बदल, ते बटण बंद कर’ अशा ओळी प्रत्येक बदलानंतर हाताने लिहाव्या लागतात आणि एखादी राहून गेली की पडद्यावर शिळा आकडा तसाच दिसत राहतो. स्प्रेडशीट वापरणाऱ्यांच्या ही कल्पना अंगवळणी पडलेली असते : १९७९ च्या व्हिसिकॅल्कपासून एका खान्यातला आकडा बदलला की बेरजेचा खाना स्वतःहून बदलतो.

कल्पनेचे बीज त्याहून जुने आहे. आयव्हन सदरलंड यांच्या स्केचपॅडमध्ये (एमआयटी, १९६३) रेषांमधले संबंध एकदा सांगून ठेवले की आकृती ते पाळत असे. टूलकिटांपैकी जॉन ऑस्टरहाउट यांच्या ‘टीके’ (Tk) या टूलकिटमध्ये घटकाला थेट एक चल (मूल्य साठवणारे नाव) जोडता येते. ‘टीके’ला हे सहज जमले, कारण ते ज्या टीसीएल (Tcl) भाषेसाठी घडले, त्या भाषेतच चलावर पाळत ठेवण्याची सोय आहे. जावा भाषेच्या स्विंग या टूलकिटला असा आधार नव्हता. तिथे बाइंडिंग मागाहून बसवण्यासाठी जेएसआर २९५ हा जावात भर घालण्याचा प्रस्ताव २००६ मध्ये आला, पण पूर्णत्वास गेला नाही. ॲपलने मॅक ओएस टेन १०.३ मध्ये (२००३) कोको बाइंडिंग्ज आणले, मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठीच्या डब्ल्यूपीएफमध्ये (२००६) बाइंडिंगला टूलकिटचा कणाच केले.

गाठ मारणे फारसे अवघड नाही. मूल्य बदलले हे टूलकिटला कळणार कसे, हा खरा प्रश्न आहे. सर्वांत सरळ उत्तर म्हणजे ज्याच्यात बदल झाला त्यानेच वर्दी द्यायची. डब्ल्यूपीएफमध्ये मूल्ये बाळगणारी वस्तू (ऑब्जेक्ट) ‘माझा अमुक गुणधर्म बदलला’ असे जाहीर करते. सुरुवातीच्या काळात गुणधर्माचे नाव साध्या अक्षरमालेत (स्ट्रिंग, म्हणजे निव्वळ मजकूर) लिहावे लागे. त्यात एक अक्षर चुकले तरी कोड तपासून यंत्रभाषेत नेणारा कंपायलर गप्प, प्रोग्रामही चालू. फक्त पडदा हलत नाही. अशी चूक शोधण्यात दिवस घालवलेले प्रोग्रामर पुष्कळ सापडतील.

वेबपानांसाठीच्या अँग्युलरजेएसने (२०१०) वर्दीची वाटच पाहिली नाही. काही घडले की सगळी बांधलेली मूल्ये पुन्हा वाचायची आणि जुन्यांशी ताडून पाहायची. एका बदलातून दुसरा उद्भवू शकतो, म्हणून फेऱ्या मूल्ये स्थिरावेपर्यंत चालतात. १० फेऱ्यांतही ती स्थिरावली नाहीत तर त्रुटी दाखवून थांबायचे. शेकडो नोंदींपर्यंत हे खपते, हजारोंच्या यादीत पान जड होते.

तिसरी रीत वेबपानांसाठीच्या नॉकआउट व व्ह्यू (Vue) मध्ये आणि क्यूटी टूलकिटच्या क्यूएमएल या भाषेत दिसते : सूत्र मोजताना कोणकोणती मूल्ये वाचली गेली याची टिपण ठेवायची, तीच त्या सूत्राची अवलंबने. सूत्रात ‘जर-तर’ असेल तर या वेळी न वाचलेली बाजू यादीतून गळते, पुढच्या वेळी पुन्हा येते. बाइंडिंगला ‘डायनॅमिक’ (चालता चालता बदलणारे) म्हणणे इथे खऱ्या अर्थाने शोभते. क्यूएमएलमध्ये मात्र एक खड्डा आहे. बांधलेल्या गुणधर्माला कोडमधून साधे मूल्य दिले की गाठ मुकाट्याने सुटते. नवशिके इथे हमखास फसतात.

गाठ सोडण्याचेही हिशेब आहेत. खिडकी बंद झाली, पण मूळ वस्तूकडे तिचा पत्ता उरला, तर ती स्मृतीतून जात नाही. यावर जावाएफएक्स या जावाच्या टूलकिटने कमकुवत संदर्भ (वस्तूला स्मृतीत अडकवून न ठेवणारे पत्ते) वापरले, तर उलटीच तक्रार उद्भवली : मधल्या बाइंडिंगला कोणी धरून ठेवले नाही तर तेच साफसफाईत उडते आणि पडदा काही वेळाने ताजा होणे थांबते.

दुहेरी बाइंडिंगमध्ये रूपांतरही दोन्ही दिशांनी लागते, आणि मराठी इंटरफेस करणाऱ्यांची अडचण होते ती इथेच. ब्राउझरची प्रमाण सोय मराठीसाठी १२५०००० हा आकडा १२,५०,००० असा देवनागरीत, लाखांच्या स्वल्पविरामांसह मांडून देते. उलट वाटेला अशी तयार सोय नाही. जावास्क्रिप्टला ‘१२’ ही अक्षरमाला संख्या वाटतच नाही, पायथनला वाटते. म्हणजे वाचण्याचा रूपांतरक स्वतः लिहावा लागतो. शब्द टप्प्याटप्प्याने जुळवणारा कीबोर्ड असेल तर आणखी एक पेच : अर्धवट अक्षर स्मृतीत जाऊन लगेच परत चौकटीत लिहिले गेले तर जुळणी मोडते. म्हणून व्ह्यूची दुहेरी बाइंडिंगची सोय, व्ही-मॉडेल, जुळणी पूर्ण होईपर्यंत मूल्य पुढे पाठवत नाही. फोनवर टाइप करताना शोधयादी अक्षरागणिक गाळली जावी असे वाटत असेल, तर व्ही-मॉडेल सोडून इनपुटची घटना थेट ऐकावी लागते.