यादीत नाव आहे का? फेरीवाले, टपऱ्या आणि संकटातल्या मदतीची पार्श्वभूमी

13 एप्रिल 2021 च्या रात्री मुख्यमंत्र्यांच्या भाषणात राज्यातले करोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध जाहीर झाले आणि त्याच भाषणात मदतीचीही घोषणा झाली. 5,476 कोटी रुपयांच्या त्या पॅकेजमध्ये परवानाधारक रिक्षाचालक होते, घरकामगार होत्या, बांधकाम कामगार होते आणि 'नोंदणीकृत फेरीवाले' होते. प्रत्येकी 1,500 रुपये. फेरीवाल्यांची संख्या 5 लाख सांगण्यात आली. रक्कम तुटपुंजी आहे, यावर त्या आठवड्यात पुष्कळ बोलले गेले आणि ते खोटेही नव्हते. पण खरी अडचण 1,500 या आकड्यात नव्हती, 'नोंदणीकृत' या शब्दात होती. त्या शब्दाने किती जण आत घेतले आणि किती बाहेर ठेवले, हे समजल्याशिवाय महाराष्ट्रात छोट्या धंदेवाल्यांना संकटकाळी मदत कशी पोहोचते, किंवा पोहोचत नाही, हे समजणार नाही.

साधा हिशेब करून पाहू. पथविक्रेता, म्हणजे फेरीवाला, कायदा 2014 सालचा. एखाद्या शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घेता येतात, असे प्रमाण त्यात धरले आहे. 2011 च्या जनगणनेनुसार राज्याची नागरी लोकसंख्या 5 कोटींच्या थोडी वर. तिचे अडीच टक्के म्हणजे साडेबारा लाखांहून अधिक. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे, हे मान्य. तरीही एकट्या मुंबईची मर्यादा याच हिशेबाने 3 लाखांच्या पुढे जाते. मग राज्यभर मिळून 5 लाख कसे? कारण मोजले गेले होते ते रस्त्यावर बसणारे फेरीवाले नव्हेत, कागदावर उमटलेले फेरीवाले.

हा कागद फार जुना आहे. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात सार्वजनिक जागी विक्री करायला परवाना लागतो, असे कलम आहे. त्याच्या शेजारचेच कलम विनापरवाना माल पूर्वसूचनेशिवाय उचलायची मुभा देते. परवाना आणि जप्ती अशी एकमेकांना लागून लिहिली गेली, ती आजतागायत तशीच आहेत. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत नवे परवाने देणे जवळजवळ थांबले. धंदा मात्र थांबला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, तसा तो वाढलाच.

मधल्या काळात 'पावती' आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे मुंबईत पालिका रोजच्या रोज फेरीवाल्यांकडून शुल्क घेई आणि पावती फाडून देई. शुल्काचे नाव होते अनधिकृत जागा व्यापल्याचे आणि कचरा उचलल्याचे शुल्क. म्हणजे पैसे घेतानाच 'तू अनधिकृत आहेस' हे लिहून दिले जात होते. ही पद्धत नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंद झाली. त्या पिवळ्या पडलेल्या पावत्या लोकांनी जपून ठेवल्या, कारण आपण इथे वीस-तीस वर्षे बसतो आहोत याचा दुसरा पुरावाच त्यांच्याकडे नव्हता. लहान शहरांत आठवडी बाजाराची बाजार फी अजूनही वसूल होते, बऱ्याच ठिकाणी ठेकेदारामार्फत. तिथल्या पावतीवर विकणाऱ्याचे नाव लिहिलेलेच नसते. रक्कम, तारीख, शिक्का एवढेच. असा माणूस पंधरा वर्षे दर बुधवारी पैसे भरतो आणि सोळाव्या वर्षी पूर आला की नगरपालिकेला तो अनोळखी असतो.

न्यायालयांनी या विषयात पुष्कळ लिहिले आहे आणि ते वाचकांना ढोबळमानाने ठाऊक असेलच. 1985 मध्ये फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र ही कल्पना आली, 1989 मध्ये रस्त्यावरचा व्यापार हा व्यवसाय-स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग मानला गेला, 2004 मध्ये राष्ट्रीय धोरण आले आणि 2014 मध्ये कायदा. मदतीच्या दृष्टीने कायद्यातली एकच गोष्ट इथे महत्त्वाची आहे. त्याने नोंदणीचा क्रम उलटा केला. आधी परवाना मागा, मग बसा, असे नाही. आधी स्थानिक संस्थेने सर्वेक्षण करायचे, जे आज बसले आहेत त्यांची नोंद घ्यायची, त्यांना विक्री प्रमाणपत्र द्यायचे आणि तोपर्यंत कोणालाही उठवायचे नाही. दर पाच वर्षांनी निदान एकदा हे सर्वेक्षण व्हावे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडून दिलेले असावेत.

कायदा कागदावर चांगला होता. मुंबईत 2014 मध्ये सुमारे 1 लाख 28 हजार अर्ज वाटले गेले आणि भरून परत आले 99 हजारांहून अधिक. मग छाननी सुरू झाली. अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे राज्यात 15 वर्षे राहिल्याचा दाखला, ही अट आली आणि बरेच अर्ज तिथेच अडकले. 2017 च्या सप्टेंबरात रेल्वेच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा जीव गेला, त्यानंतर वातावरणच पालटले. स्थानकापासून 150 मीटर आणि शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांपासून 100 मीटर एवढ्या अंतरात फेरीवाले नकोत, अशी आखणी न्यायालयातून आली. 2020 उजाडला तेव्हा सर्वेक्षण संपलेले नव्हते आणि प्रमाणपत्रे हातात पडलेली नव्हती. समितीसाठी फेरीवाल्यांचे मतदान मुंबईत झाले ते थेट ऑगस्ट 2024 मध्ये, आणि त्या मतदार यादीत नावे होती 32,415. अर्ज 99 हजार, मतदार 32 हजार. या दोन आकड्यांमधले जे राहिले, ते करोनातही तिथेच राहिले.

टाळेबंदी लागली तेव्हा ओडिशाने आपल्या शहरांतल्या फेरीवाल्यांना 3,000 रुपये दिले, उत्तर प्रदेशाने 1,000 दिले. महाराष्ट्रात फेरीवाल्यांसाठी थेट रकमेची घोषणा व्हायला दुसरी लाट यावी लागली. त्याआधी, 1 जून 2020 रोजी, केंद्राची पीएम स्वनिधी योजना आली. ती अनुदानाची नव्हे, कर्जाची. पहिले कर्ज 10,000 रुपयांचे, वर्षभरात फेडायचे, वेळेवर फेडल्यास व्याजात 7 टक्के सूट. ज्याचा धंदाच बंद आहे त्याला मदत म्हणून कर्ज द्यावे का, हा वाद तेव्हाही होता आणि माझ्या मते तो आजही मिटलेला नाही. पण इथे त्या योजनेने केलेले दुसरे काम जास्त मोलाचे आहे, आणि त्याकडे फार कमी लोकांनी पाहिले.

योजनेने फेरीवाल्यांचे चार गट केले. पहिला, ज्यांच्याकडे प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे तो. दुसरा, सर्वेक्षणात नाव आहे पण प्रमाणपत्र नाही असा. तिसरा, सर्वेक्षणातून सुटलेला. चौथा, शेजारच्या गावांतून शहरात येऊन विकणारा. शेवटच्या दोन गटांसाठी 'शिफारसपत्र' हा कागद काढण्यात आला. साध्या कागदावर अर्ज करायचा, स्थानिक संस्थेने चौकशी करायची आणि 15 दिवसांत निकाल द्यायचा. पुरावा काय, तर फेरीवाला संघटनेचे सदस्यत्व, जुन्या कर्जाची कागदपत्रे, किंवा टाळेबंदीत राज्याने एकदा दिलेली मदत मिळाल्याचा कागद. 24 मार्च 2020 ला किंवा त्याआधी धंदा करत असल्याचे दाखवले की पुरे. कित्येक नगरपालिकांत शहरी गरिबांसाठीच्या नागरी उपजीविका अभियानाच्या समूह संघटकांनी हे अर्ज रस्त्यावर उभे राहून भरून घेतले. ज्या भाजीवाल्या मावशीला पालिकेकडून आजवर फक्त गाडी उचलल्याचा दंड मिळाला होता, तिला पालिकेच्याच शिक्क्याचा 'ही इथे विक्री करते' असा कागद पहिल्यांदा मिळाला.

आता 2021 च्या 1,500 रुपयांकडे परत येऊ. 'नोंदणीकृत' म्हणजे कोण? जुना परवानाधारक? मग मुंबईसारख्या शहरात संख्या काही हजारांवर येते. 2014 च्या सर्वेक्षणात पात्र ठरलेला? ते सर्वेक्षण अनेक ठिकाणी अर्धवट. शिफारसपत्रवाला? त्याच्याकडे कर्जासाठीची शिफारस आहे, विक्रीचा हक्क नाही. बँक खात्यासह, आधार जोडलेली, ताजी अशी एकच यादी तेव्हा हाताशी होती, ती स्वनिधीची. साहजिकच नजर तिच्याकडे वळली. आणि इथे गुंता पक्का झाला. कर्जासाठी जो पुढे आला त्याचे नाव यादीत. ज्याने 'कर्ज नको रे बाबा, फेडू कुठून' म्हणून अर्जच केला नाही, तो यादीबाहेर. म्हणजे जो कर्जाला घाबरला, बहुधा जास्त अडचणीतला, त्याच्यापर्यंत मदत पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी. कोणी जाणूनबुजून असे केले, असे मी म्हणत नाही. ज्या कपाटात एकच यादी असते, तिथून दुसरे काही निघू शकत नाही. पण हे चक्र नीट पाहायला हवे. मदत मिळाल्याचा कागद नोंदणीचा पुरावा ठरत होता आणि नोंदणी असेल तरच मदत मिळत होती. पहिल्या फेरीत जो सुटला, त्याला चक्रात शिरायला जागाच नव्हती.

पुराच्या मदतीची रचना वेगळी आहे, शब्द मात्र तोच. आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत पिके आहेत, जनावरे आहेत, घरे आहेत, हातमाग आणि हस्तकलेचे कारागीर आहेत. 2015 ते 2020 च्या निकषांत कारागिराला हत्यारांसाठी 4,100 आणि कच्च्या मालासाठी 4,100 रुपये होते. किराणा दुकान, सलून, चहाची टपरी यांसाठी काहीच नाही. म्हणून 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले तेव्हा राज्याने स्वतःच्या निर्णयाने छोट्या व्यावसायिकांना नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50,000 रुपये देण्याचे ठरवले. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले, महाड बुडाले. तेव्हा दुकानदारांसाठी तोच 50,000 चा आकडा आला आणि टपरीधारकांसाठी 10,000. चिपळूणच्या बाजारपेठेत ज्यांनी दोन दिवस चिखल उपसला, त्यांना विचारा की भिजलेला माल किती लाखांचा होता.

त्या निर्णयातल्या अटी अशा: दुकानदार स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवे, शिधापत्रिका हवी आणि दुकान 'अधिकृत' हवे. टपरीधारक 'नोंदणीकृत, परवानाधारक' हवा. पंचनामा करायला तलाठी, आणि शहरात त्याच्याबरोबर पालिकेचा कर्मचारी. पाणी कुठवर चढले, हे भिंतीवरची रेघ सांगते. दुकान अधिकृत आहे की नाही, हे कोणती रेघ सांगणार? 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी फक्त ऑनलाइन माहिती द्यायची आणि पोच घ्यायची. लोक अजूनही त्याला 'गुमास्ता' म्हणतात, पण ते जुने नोंदणी प्रमाणपत्र नव्हे. धंदा सोपा करण्यासाठी एका खात्याने नोंदणी काढून टाकली आणि दुसऱ्या खात्याच्या मदतीच्या निर्णयात 'अधिकृत' हा शब्द तसाच राहिला. भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याची आणखी एक पंचाईत: मालमत्ता कराच्या नोंदीत मालकाचे नाव, माल भिजला भाडेकरूचा. आणि टपरी? ती वाहून गेली असेल, तर पंचनामा रिकाम्या जागेचा होतो. पालिकेच्या दप्तरी टपऱ्यांची नोंद बहुतेक वेळा अतिक्रमण विभागाकडे असते. जी वही टपऱ्या हटवण्यासाठी ठेवलेली असते, ती मदतीच्या दिवशी टपरीवाल्याच्या बाजूने साक्ष द्यायला कशी येणार?

2023 च्या पावसाळ्यात हेच दर पुन्हा लागू झाले, सप्टेंबरमध्ये नागपुरात नाग नदी आणि अंबाझरीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हाही 50,000 आणि 10,000. 2025 च्या ऑक्टोबरमधल्या अतिवृष्टी-पुराच्या 31,628 कोटींच्या पॅकेजमध्येही दुकानदारांसाठी 50,000 च. सहा वर्षांत तांदूळ, तेल, पत्रा, भाडे सगळे महागले. हा आकडा हललेला नाही.

स्वनिधीचे कर्जवाटप डिसेंबर 2024 पर्यंत होते. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने ते 31 मार्च 2030 पर्यंत वाढवले, पहिले कर्ज 15,000 केले, दुसरे 25,000, आणि योजना वैधानिक, म्हणजे नगरपालिका किंवा महापालिका असलेल्या, शहरांच्या पलीकडे जनगणना-शहरांपर्यंत टप्प्याटप्प्याने नेण्याचे ठरवले. ही जनगणना-शहरे म्हणजे कारभाराने अजून ग्रामपंचायती असलेली मोठी गावे. तिथे नगर पथविक्रेता समिती नाही, सर्वेक्षण झालेले नाही. यादी तिथे पहिल्या ओळीपासून लिहायची आहे, आणि ती लिहिणार आहे तो ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, ज्याने आजवर बाजाराच्या दिवशी विकणाऱ्यांची फक्त पावती पाहिली, नाव कधी विचारले नाही.